अपघातानंतरची घरची शुश्रूषा

'दैव बलवत्तर म्हणून वाचला' असें एक वाक्य आपल्याकडे फार ऐकूं येतें. मोटारसायकलीवरून पडलेला मनुष्य रुग्णालयांतून घरीं आला, म्हणजे भेटीस येणारे बहुतेक लोक हें वाक्य उच्चारतात, चहा घेतात आणि निघून जातात. वाक्य खोटें नाहीं, पण अपुरें आहे. दैवाचें आणि शल्यवैद्याचें काम जेथें संपतें, तेथें घरच्या माणसांचें काम सुरू होतें. आणि तें एकदोन दिवसांचें नसून कित्येक महिन्यांचें असतें. शस्त्रक्रिया उत्तम होऊनहि पाय कायमचा आंखडला, किंवा साध्या जखमेंतून पुढें हाड सडलें, अशीं उदाहरणें आपल्या आसपास थोडीं नाहींत. त्यांतील पुष्कळ अनर्थ घरांतील सावधगिरीनें टळण्यासारखे असतात. म्हणून या महिन्यांत त्या सावधगिरीविषयीं चार गोष्टी लिहावयाचें योजिलें आहे.

आमच्या खानदेशापुरतें बोलावयाचें, तर अपघात म्हटला कीं लोकांच्या डोळ्यांपुढें भुसावळावरून जाणारा सुरत–नागपूर महामार्ग येतो. पूर्वीं त्याचा क्रमांक ६ होता, आतां ५३ आहे. तेथील अपघात भयंकर असतात हें खरें. परंतु तापी ओलांडून यावल, फैजपूर, रावेरच्या बाजूस गेलें कीं अपघाताचें दुसरेंहि एक क्षेत्र दिसतें. तें म्हणजे डांबरी रस्ता सोडून शिवारांत शिरणाऱ्या आडवाटा. दोन्ही बाजूंस माणसाहून उंच केळी, मध्यें एक गाडी कशीबशी जाईल एवढी वाट, आणि वळणापलीकडचें कांहींच दिसत नाहीं. पावसाळ्यांत काळी माती लोण्यासारखी निसरडी होते. उन्हाळ्यांत फुफाट्यानें डोळे भरतात. मोटारसायकल एका बाजूनें येते, मोटार किंवा ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूनें येतो, आणि वळणावर दोघांची गांठ पडते.

अशा अपघातांत वेग बहुधा थोडा असतो, आणि हीच गोष्ट फसवी ठरते. 'फार लागलें नाहीं, कपडे झटकून उठला' असें म्हणून लोक निश्चिंत होतात. पण मोटारसायकलस्वाराच्या शरीरास पत्र्याचें संरक्षण नसतें. मोटारीची कड थेट नडगीवर बसते. नडगीच्या पुढच्या बाजूस कातडीखालीं मांसाचा थर जवळजवळ नाहींच. म्हणून तेथील हाड मोडलें कीं पुष्कळदां कातडी फाडून बाहेर येतें, त्यांत शेतांतील माती जाते, आणि रक्तपुरवठा बेताचा असल्यामुळें तें सांधावयासहि वेळ लागतो. स्वार खांद्यावर आपटला आणि मान दुसऱ्या बाजूस ताणली गेली, तर मानेंतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा ताणला किंवा तुटला जातो. हँडलचें टोंक पोटांत बसलें तर बाहेर ओरखडाहि न दिसतां आंतील यकृत किंवा प्लीहा फाटूं शकते. मोटारींत पुढें बसलेल्याचा गुडघा समोरच्या फळीवर आदळला, तर गुडघ्याचीं बंधनें तुटतात, आणि कधींकधीं मांडीचें हाड खुब्यांतून मागें निसटतें. एवढें लक्षांत ठेविलें म्हणजे पुढील गोष्टींचें कारण समजेल.

आरंभींच एक सूचना. शेतांत पडलेल्या माणसास दोघांच्या मध्यें मोटारसायकलीवर बसवून गांवांत आणण्याची जी चाल आहे, ती सोडली पाहिजे. मानेच्या किंवा पाठीच्या मणक्यास इजा असेल, तर तेवढ्या प्रवासानें चालता मनुष्य जन्माचा पांगळा होऊं शकतो. १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून सुरू आहे. ती येईपर्यंत जखमीस हलवूं नये, रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकें घट्ट दाबून धरावें, आणि त्यास खाण्यापिण्यास कांहीं देऊं नये. कारण पुढें भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. मदत करणाऱ्यास पोलीस त्रास देतील ही भीति आतां बाळगण्याचें कारण नाहीं. २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानें अशा मदतकर्त्यास संरक्षण दिलें आहे.

मे २०२५ मध्यें केंद्र सरकारनें अपघातग्रस्तांच्या रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. तींत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत, नेमलेल्या रुग्णालयांत उपचार मिळावयाचे आहेत. योजना स्तुत्य आहे. पण मांडीचें किंवा नडगीचें हाड सांधून मनुष्य कामावर जाण्यास तीनचार महिने, कधीं त्याहून अधिक लागतात. पहिले सात दिवस सरकारनें पाहिले, तरी पुढचे महिने घरानेंच पाहावयाचे आहेत.

त्या घरच्या काळांतील पहिल्या दोनतीन रात्री सर्वांत जोखमीच्या. डोक्यास मार लागून, तपासणीअंतीं घरीं पाठविलेल्या रोग्याजवळ कोणीतरी जाणतें माणूस असलेंच पाहिजे. डोकेदुखी वाढत चालली, पुनःपुन्हां वांति झाली, बोलण्यांत असंबद्धपणा आला, अवेळीं गुंगी येऊं लागली, आंकडी आली, एक हात किंवा पाय लुळा वाटूं लागला, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसूं लागल्या, नाकाकानांतून पाण्यासारखा स्राव आला, तर सकाळची वाट पाहूं नये. घरांतील वृद्ध पडले असतील, विशेषतः रक्त पातळ करणारें औषध घेत असतील, तर हें लक्ष कित्येक आठवडे ठेवावें. वृद्धांच्या कवटीच्या आंत रक्त हळूहळू सांचतें, आणि तीन आठवड्यांनीं 'आजोबा विसरूं लागले, चालतांना तोल जातो' अशा रूपानें तें प्रकट होतें. तें म्हातारपण समजून सोडून देण्याची चूक पुष्कळ घरीं होते.

पोटास मार लागला असेल तर डाव्या बरगड्यांखालीं दुखणें, डाव्या खांद्याच्या टोंकास कळ येणें, घेरी येणें, अंग पांढरेंफटक पडणें, लघवींतून रक्त जाणें, हीं लक्षणें कांहीं दिवसांनींहि उद्भवूं शकतात. मांडीचें हाड मोडलेल्या रोग्यास पहिल्या तीन दिवसांत दम लागूं लागला किंवा तो बरळूं लागला, तर तो 'धसका' नव्हे; हाडांतील चरबीचे कण रक्तांतून फुप्फुसांत गेल्याचें तें चिन्ह असूं शकतें.

तिसरी जोखीम प्लास्टरची. मोडलेला अवयव पहिले तीनचार दिवस सुजतो, आणि प्लास्टर तर सैल होत नाहीं. आंत दाब वाढून रक्ताभिसरण थांबलें, तर सहाएक तासांत स्नायु मरूं लागतात. अशा रीतीनें हात वांकडा होऊन वाळून जाण्याच्या विकाराचें वर्णन जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यानें १८८१ मध्यें केलें. तो विकार आजहि त्याच्याच नांवानें ओळखला जातो. त्याची खूण एकच ध्यानांत ठेवावी: औषध देऊनहि वेदना वाढत जाते, आणि हातापायांचीं बोटें दुसऱ्यानें हळूच ताणलीं कीं ती असह्य होते. बोटें थंड पडणें, निळसर होणें, बधिर होणें हीं लक्षणें त्यामागून येतात. त्यांची वाट पाहणें म्हणजे उशीर करणें होय.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं घडलेली हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. घर मोठें, तीन भावांचें एकत्र. बारा वर्षांचा पुतण्या काकाच्या मागें बसून मळ्यांत चालला असतां वळणावर मोटारीचा धक्का लागला व मुलाच्या कोंपराजवळचें हाड मोडलें. प्लास्टर घालून संध्याकाळीं घरीं पाठविलें. मध्यरात्रीं मुलगा रडूं लागला. गोळी दिली, थोडा निजला, पुन्हां ओरडत उठला. वडीलधाऱ्यांचें मत पडलें कीं हाड मोडलें म्हणजे दुखावयाचेंच, उजाडल्यावर पाहूं. धाकट्या काकूनें मात्र मुलाचें बोट जरासें सरळ करून पाहिलें, तो किंचाळला. रुग्णालयांतून निघतांना परिचारिकेनें हीच खूण सांगितली होती, आणि घरांतील इतक्या माणसांत ती एकटीच्या लक्षांत राहिली होती. तिनें सासऱ्यांपुढें कधीं मोठ्यानें बोललेलें कोणास ठाऊक नव्हतें. त्या रात्रीं बोलली. दोन वाजतां मुलास नेलें, प्लास्टर कापून उघडलें, आणि हात वांचला. आज तो मुलगा उजव्या हातानें लिहितो. तें अक्षर काकूचें आहे असें त्याचे आजोबा म्हणतात, तें मला अगदीं यथार्थ वाटतें.

प्लास्टरासंबंधीं आणखी थोडें. मोडलेला अवयव उशीवर ठेवून छातीहून उंच राहील असें करावें. मोकळीं बोटें दर तासाला हलवावीं. खाज सुटली म्हणून विणावयाची सुई किंवा फूटपट्टी आंत घालूं नये; आंत झालेली जखम दिसत नाहीं आणि चिघळते. प्लास्टर भिजूं देऊं नये. सणावारीं 'डोक्यावरून पाणी घेतल्याखेरीज देवाला हात कसा लावूं' असा आग्रह रोगी धरतात. त्यांस ओल्या पंचानें अंग पुसून मानसपूजा करण्यास सांगावें. शास्त्रांत आतुरास स्नानाच्या नियमांतून सूट दिलेली आहेच.

आतां उघड्या जखमेविषयीं. शेतांतील माती, शेण, गंजलेला पत्रा यांच्या संपर्कांत आलेली जखम ही धनुर्वाताची जखम समजावी. तो रोग बहुधा तीन ते एकवीस दिवसांत दिसूं लागतो; म्हणून 'आठ दिवस झाले, कांहीं झालें नाहीं' या समाधानास अर्थ नाहीं. पूर्वींचे सर्व डोस झाले असले, तरी शेवटची लस टोंचून पांच वर्षें होऊन गेलीं असतील, तर मळलेल्या जखमेस पुन्हां ती टोंचून घेतात. लहानपणीं लस झाली होती कीं नाहीं हें घरांतील प्रौढांस ठाऊक नसतें. तसें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. जखमेवर हळद, राख, शेण, तंबाखू यांपैकीं कांहींहि घालूं नये. हळद स्वयंपाकघरांत पवित्र आहे. हाडापर्यंत गेलेल्या जखमेंत ती बाहेरची एक भुकटीच होय. टांके घातलेल्या जागीं लाली पसरूं लागली, ऊन लागूं लागलें, पू किंवा दुर्गंधि आली, ताप चढला, तर टांके काढण्याच्या ठरलेल्या दिवसापर्यंत थांबूं नये. ज्याचें हाड कातडीबाहेर आलें होतें, त्याच्या बाबतींत ही नजर वर्षभर ठेवावी, कारण हाडांतील पू पुष्कळ दिवस दबून राहतो.

येथें हाडवैद्याचा प्रश्न येतो. आपल्या लोकांची त्याच्यावर श्रद्धा आहे, आणि ती परंपरेच्या नांवानें सांगितली जाते. तेव्हां परंपरा काय सांगते तें पाहूं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांतील तिसरा अध्याय भग्नचिकित्सेचा आहे. बंध सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाहीं आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना व कातडीचा पाक होतो, म्हणून बंध साधारण असावा, असें सुश्रुत सांगतो. थंडीच्या ऋतूंत सात दिवसांनीं, साधारण ऋतूंत पांच दिवसांनीं आणि उष्ण ऋतूंत तीन दिवसांनीं तो सोडून पुन्हां बांधावा अशी त्याची आज्ञा आहे; म्हणजे अवयव पुनःपुन्हां पाहिलाच पाहिजे हें तत्त्व त्यास पूर्ण मान्य होतें. बांबूच्या कामट्या करकचून आवळून 'एकवीस दिवस सोडूं नका' असें सांगणारा वैद्य सुश्रुताचा वारस नव्हे. तशा आवळलेल्या कामट्यांखालीं हात काळा पडून कापावा लागल्याचीं उदाहरणें हाडांच्या डॉक्टरांस नवीं नाहींत. तसेंच मोडलेल्या कोंपरास जोरानें तेल चोळलें, तर सांध्याभोंवतीं मांसांत नवें हाड धरून कोंपर कायमचें जखडतें. आजीनें प्रेमानें चोळलेलें तेल असलें तरी परिणाम तोच.

उलट त्याच अध्यायांतील एक गोष्ट आजच्या व्यायामोपचाराशीं इतकी जुळते कीं आश्चर्य वाटतें. हाताचें हाड सांधल्यावर रोग्यानें प्रथम मातीचा गोळा हातांत धरावा, मग मिठाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड, असा क्रम तेथें सांगितला आहे. मऊ आणि हलक्यापासून कठीण आणि जड वस्तूकडे पायरीपायरीनें जावयाचें. आज फिजिओथेरपिस्ट रबरी चेंडूपासून आरंभ करून वजनें देतो, तें याहून निराळें काय? सुश्रुतानें हाड सांधण्याची मुदतहि वयोमानाप्रमाणें सांगितली आहे. तरुण वयांत एक महिना, मध्यम वयांत दोन आणि उतारवयांत तीन. आजचा हिशेब अवयवपरत्वें बदलतो. ढोबळ मानानें हातास सहा ते आठ आठवडे आणि पायास त्याच्या सुमारें दुप्पट. परंतु वृद्धांस वेळ अधिक लागतो, आणि घाई कोणीहि करूं नये, हा मुद्दा दोन्हीकडे सारखाच.

घरीं आलेल्या रोग्याचा मोठा शत्रु म्हणजे अंथरूण. एकाच कुशीवर पडून राहिलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टांचांवर, खुब्यांवर शय्याव्रण पडतात. तीं पडावयास एक रात्रहि पुरते, भरावयास महिने लागतात. दर दोन तासांनीं कूस बदलणें, रोज एकदां उजेडांत पाठ पाहणें, चादरीला सुरकुती राहूं न देणें, ओलें अंथरूण तत्काळ बदलणें, एवढ्यानें बहुतेक व्रण टळतात. पडून राहिल्यानें पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाहि असतो. एकच पोटरी सुजली, दुखूं लागली, तर ती चोळूं नये, डॉक्टरांस दाखवावी. एकाएकीं दम लागला किंवा छातींत कळ आली, तर ती गुठळी फुप्फुसांत गेल्याची शंका धरून लगेच रुग्णालय गांठावें.

आहारासंबंधीं घरोघर वाद होतात. हाड भरावयास चुना लागतो हें लोक जाणतात, पण चुना धरून ठेवणारी चौकट प्रथिनांची असते हें विसरतात. शाकाहारी घरांत वरण घट्ट असावें, उसळ रोज असावी, दूध, दही, ताक, शेंगदाणे, तीळ, नाचणी यांचा उपयोग करावा. सकाळचें ऊन अंगावर घ्यावें. शहरांतील बंद घरांतून राहणाऱ्या पुष्कळांस 'ड' जीवनसत्त्व कमी असतें, तें डॉक्टर तपासून देतात. सुश्रुतानें भग्नरोग्यास आंबट आणि खारट वर्ज्य सांगितलें आहे. आजचे डॉक्टर दह्यास मनाई करीत नाहींत, आणि या बाबतींत त्यांचें ऐकावें. दूध व तूप मात्र सुश्रुतहि देतोच. ज्याचें हाड मोडलें आहे त्यानें श्रावणांतले उपवास यंदा सोडावे. साबूदाण्यावर हाड भरत नाहीं. विडी, सिगारेट आणि तंबाखू यांनीं हाड सांधण्यास विलंब होतो. घरच्यांनीं त्या काळांत तरी ती आणून देण्याची मेहेरबानी करूं नये.

तपासणीच्या तारखा या लग्नाच्या मुहूर्ताप्रमाणें पाळाव्या. दुखत नाहीं म्हणून न जाणें ही सर्वांत सामान्य चूक होय. हाड जागेवरून सरकलें, सळई सैल झाली, सांधा आंखडूं लागला, हें क्ष-किरण चित्रांत अगोदर दिसतें, रोग्यास मागाहून कळतें. पायावर भार केव्हां द्यावयाचा हें डॉक्टरांनीं ठरवावें. दारीं कार्य निघालें म्हणून किंवा केळीची कापणी आली म्हणून तो दिवस अलीकडे येत नाहीं. त्याचप्रमाणें, व्यायाम सांगितला असतां 'दुखतें, राहूं द्या' असें म्हणणारी माया गुडघा जखडून टाकते. खांदा आपटून हात लुळा पडला असेल, तर तो 'येईल हळूहळू' म्हणून वर्ष घालवूं नये. मज्जातंतूंची शस्त्रक्रिया करावयाची असल्यास तिचा काळ पहिल्या सहा महिन्यांचा असतो. त्यानंतर स्नायु वाळत जातात आणि तंतु जोडूनहि उपयोग थोडा होतो. जळगांवास २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालें आहे, धुळ्यास त्यापूर्वींपासून आहे. आणि कृत्रिम अवयव, आधारपट्ट्या व पुनर्वसन यांसाठीं मुंबईस हाजी अलीजवळ १९५५ मध्यें स्थापन झालेली अखिल भारतीय संस्था आहे. भुसावळाहून मुंबईच्या गाड्यांस तोटा नाहीं.

धैर्याचें उदाहरण हवें असेल, तर मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन यांचें घ्यावें. १९८१ मध्यें तमिळनाडूंत बसच्या अपघातांत त्यांचा पाय दुखावला. पुढें त्यांत कोथ होऊन तो कापावा लागला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें सोळा वर्षांच्या आसपास होतें. जयपूरचा कृत्रिम पाय लावून, रक्त येईपर्यंत सराव करून, १९८४ मध्यें त्या पुन्हां रंगमंचावर नाचल्या. लोक या कथेंतील नाच लक्षांत ठेवितात. मी वाचकांस तिची दुसरी बाजूहि लक्षांत ठेवावयास सांगतों. मोडलेल्या पायांतील जखमेकडे वेळेवर नजर न गेल्यास काय होतें हेंहि त्याच कथेंत आहे. आणि त्या तीन वर्षांत पाठीशीं उभ्या राहिलेल्या आईबापांचें श्रेयहि.

मनाची जखम कोणी पाहत नाहीं. डोक्यास मार लागलेला मनुष्य कित्येक आठवडे चिडखोर, विसराळू आणि प्रकाशास व आवाजास त्रासणारा होतो. रात्रीं दचकून उठणें, पुन्हां गाडीवर बसण्याची भीति, 'मी आतां घरावर भार झालों' हा विचार, हीं दुबळ्या स्वभावाचीं लक्षणें नव्हेत, तर दुखण्याचा भाग आहेत. महिना उलटूनहि तीं टिकलीं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यांत कमीपणा नाहीं. अशा रोग्याभोंवतीं दिवसभर भेटणाऱ्यांची रीघ ठेवूं नये. 'अपघात कसा झाला तें सांग पाहूं' असें दहा वेळां विचारणें ही विचारपूस नव्हे, छळ होय.

आणि शुश्रूषा करणाऱ्याचें काय? एकत्र कुटुंबाची मातबरी अशाच प्रसंगीं दिसावयाची. परंतु पुष्कळ घरीं बारा माणसें असूनहि भांडें देणें, कूस वळविणें, रात्रीं जागणें हें सारें एकाच सुनेच्या वांट्यास येतें, आणि बाकीचे सल्ला देण्याचें काम वांटून घेतात. माझें असें स्पष्ट मत आहे कीं घरांतील पुरुषांनीं रात्रीच्या पाळ्या धराव्या. जड माणसास उचलून बसविणें हें तर बळाचें काम आहे. तें बायकांवर कां टाकावें? वह्या-पेन्सिली वापरणाऱ्या मुलांस औषधाच्या वेळा लिहिण्याचें काम द्यावें. भिंतीवर एक कागद लावावा. त्यावर औषध, कूस, ताप आणि व्यायाम यांचीं घरें आंखावीं, आणि ज्यानें तें काम केलें त्यानें तेथें सही करावी. पाळीचा कागद असला म्हणजे कोणाची किती सेवा झाली याचा वाद उरत नाहीं, आणि डॉक्टरांसहि तो उपयोगी पडतो.

शेवटीं कागदपत्रांविषयीं. डिस्चार्ज कार्ड, क्ष-किरण चित्रें, औषधांच्या पावत्या, पोलिसांतील फिर्यादीची प्रत, कामावर गैरहजर राहिल्याचा दाखला, हें सर्व एका फायलींत तारीखवार ठेवावें. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करण्यास २०१९ च्या दुरुस्तीनें अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली, आणि ती २०२२ पासून अमलांत आली. रोगी अंथरुणांतून उठेपर्यंत थांबलें तर मुदत निघून जाण्याचा संभव असतो. म्हणून वकिलाचा सल्ला पहिल्या महिन्यांतच घ्यावा. अपघात आडवाटेवर झाला म्हणून हक्क नाहीं असें समजूं नये. कायद्यांतील 'सार्वजनिक जागा' म्हणजे जेथें लोकांस जाण्यायेण्याचा अधिकार आहे अशी कोणतीहि वाट किंवा स्थळ. ती डांबरी असली पाहिजे असें नाहीं. धडक देऊन पळालेलें वाहन सांपडलें नाहीं, तरी गंभीर जखमीस पन्नास हजार आणि मृताच्या वारसांस दोन लाख रुपये देण्याची तरतूद २०२२ पासून आहे. कायमचें अपंगत्व आलें असल्यास जिल्हा रुग्णालयांतून प्रमाणपत्र घ्यावें. तें घेण्याची लाज वाटून सवलती सोडून देणें शहाणपणाचें नाहीं.

लॉरेन्स ऑफ अरेबिया या नांवानें प्रसिद्ध असलेला इंग्रज १९३५ च्या मे महिन्यांत गांवाबाहेरील रस्त्यावर मोटारसायकलीवरून पडला आणि सहा दिवसांनीं बेशुद्धींतच वारला. त्याच्या उपचारांत असलेले मेंदूचे शल्यवैद्य ह्यू केर्न्स यांनीं तो मृत्यु विसरून न जातां मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्यें शिरस्त्राणाचें महत्त्व प्रसिद्ध केलें. आज आपण जें हेल्मेट खुंटीवर टांगून मळ्यांत जातों, त्यामागें हा इतिहास आहे. 'जवळच तर जावयाचें आहे' हें वाक्य मळ्याच्या वाटेवर फार वेळां उच्चारलें जातें. ज्या घरानें एकदां हे तीनचार महिने काढले, त्या घरांत तरी तें पुन्हां उच्चारलें जाऊं नये.

सर्वांच्या घरीं हा लेख निरुपयोगी ठरो, हीच इच्छा. पण ज्यांच्या घरीं तसा प्रसंग येईल, त्यांनीं तो काढून त्या पाळीच्या कागदाशेजारीं भिंतीवर लावावा.